मित्राच्या स्मृतिदिनाची राइड: फोटो कसे काढायचे

प्रश्न: आमच्या रत्नागिरीच्या मोटरसायकल क्लबमधला एक मित्र मागच्या जानेवारीत हायवेवर अपघातात गेला. वर्ष होतंय म्हणून साठेक गाड्या सकाळी रत्नागिरीहून आरे-वारे मार्गे गणपतीपुळ्याला जाणार आहेत. वाटेत समुद्रावरच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळपठारावर, थांबून त्याच्या फोटोला हार घालायचा, दोन मिनिटं शांतता पाळायची, मग चहा. संध्याकाळी भाट्याच्या किनाऱ्यावर दिवे लावायचाही विचार आहे. त्याचे वडील आणि बायको येणार आहेत. फोटोंची जबाबदारी माझ्यावर आलीय. मिररलेस कॅमेरा, २४-७० आणि ७०-२०० या दोन लेन्स आहेत. आजवर गाड्यांचे आणि ट्रेकचे फोटो काढलेत, असं काही कधी काढलं नाही. कुठली लेन्स लावू? आणि लोक रडत असताना फोटो काढावेत का?

उत्तर: तुमच्या प्रश्नात लेन्स दोनदा आलीय आणि वडील एकदाच, तेही ‘येणार आहेत’ एवढ्यापुरते. माझंही पहिल्या वेळी असंच झालं होतं. लग्नं, मुंजी, पालख्या वीसेक वर्षं काढल्यावर अशा स्मृतिराइडचं काम आलं, तेव्हा मी ते ‘इव्हेंट’ म्हणून काढलं. धूळ, धूर, क्रोम, ओळीने वळणारे हेडलाइट, सगळं झकास. फोटो घेऊन घरी गेलो. वडिलांनी चष्मा लावून एकेक पाहिला आणि विचारलं, “ही सगळी मुलं कोण?” प्रत्येक फोटोत हेल्मेटं होती, चेहरा एकाचाही नव्हता.

आपल्याकडे हे फार होतं. मुलगा नोकरीला मुंबईला नाहीतर पुण्याला, गावी येतो गणपतीला आणि शिमग्याला. शनिवार-रविवार तो कोणाबरोबर फिरतो, हे घरच्यांना ठाऊकच नसतं. तो गेल्यावर साठ माणसं गाड्या घेऊन दारात येतात आणि आईवडिलांना पहिल्यांदा कळतं की आपल्या पोराचा एवढा गोतावळा होता. त्यांना तो गोतावळा बघायचा असतो. तेव्हा तुमचं त्या दिवसाचं सगळ्यात मोठं काम समुद्रही नाही आणि गाड्यांची रांगही नाही. साठ माणसांचे साठ फोटो, हेल्मेट काढून, आपापल्या गाडीशेजारी, खाली नाव. बाकी जे मिळेल ते वरकड.

हे कसं जमवायचं ते आधी सांगतो, कारण सगळ्यात आधी हेच राहून जातं. चहाची जागा आदल्या दिवशी जाऊन बघून या. मोकळ्या सड्यावर सावली नसते आणि नऊनंतरचं ऊन डोळ्यांखाली काळे खळगे पाडतं. सुरूच्या बनात सावली असते, पण ती ठिपक्याठिपक्यांची; अर्धं नाक पांढरं, अर्धा गाल काळा. बनाच्या कडेला किंवा एखाद्या घराच्या, टपरीच्या सावलीत सलग जागा शोधा. मागे जांभ्या दगडाचा गडगा (कुंपणाची भिंत) असेल तर छानच, फक्त ऊन पडलेला जांभा समोर असला तर चेहऱ्यांवर लाल झाक येते. एक फोटो पांढऱ्या कागदाचा काढून ठेवा, नंतर रंग जुळवायला सोपं जातं. गाडीचं पुढचं चाक कुठे यायला हवं तिथे एक दगड ठेवा. २४-७० पन्नासच्या आसपास, एफ ४ किंवा ५.६, बस्स. शेजारी क्लबमधलं एखादं पोरगं वही घेऊन उभं करा: क्रमाने नाव, गाव, गाडी. माणशी वीस सेकंद धरली तर वीस मिनिटांत साठ जण होतात. प्रत्यक्षात पाऊण तास लागतो, कारण यामाहा आरएक्स १०० वाल्याला आपली गाडी पुसून घ्यायची असते. घेऊ द्या पुसून. १९९६ साली बनायची बंद झालेली गाडी त्याने अजून चालती ठेवलीय.

पोज सांगू नका. “हेल्मेट काढा आणि इकडे बघा,” एवढंच. कोणी हसेल, कोणी नाही हसणार.

आता रस्ता. रत्नागिरीहून साखरतर, काळबादेवी करत आरे-वाऱ्याला जाताना तुम्ही उत्तरेला चाललेले असता, समुद्र डाव्या हाताला. आपण डावीकडून गाडी चालवतो, म्हणजे गाड्या समुद्राच्या बाजूलाच असतील. तुम्ही उजवीकडे, डोंगराच्या अंगाला उभे राहा. जानेवारीत सूर्य सात वाजून गेल्यावर उगवतो, पण तो डोंगरामागून वर यायला वेळ घेतो आणि रस्ता बराच काळ सावलीत राहतो. साडेआठ ते साडेनऊ ही चांगली वेळ: ऊन तुमच्या पाठीशी, गाड्यांवर तिरकं, मागे समुद्र निळा. संध्याकाळी याच जागेवरून समुद्राकडे रोखलं तर सगळे काळे ठोकळे दिसतील. तसंच हवं असेल तर गोष्ट वेगळी.

तुमचा क्लब मिसिंग मॅन फॉर्मेशन करणार असेलच. म्हणजे दोन ओळींत पुढेमागे चाललेल्या ताफ्यात पुढच्या बाजूला एका गाडीची जागा मोकळी सोडायची, गेलेल्याची. हा फोटो नव्वद टक्के लोक चुकतात आणि चूक लेन्सची असते. ७०-२०० लावून समोरून काढलं की अंतरं दबतात, मागची गाडी पुढच्या गाडीला चिकटल्यासारखी दिसते आणि ज्या रिकाम्या जागेसाठी एवढा खटाटोप, तीच फोटोतून गायब होते. ती जागा दिसायला हवी तर उंचावरून किंवा बाजूने काढायला हवं, ३५ ते ५० मिलिमीटरवर. आरे-वाऱ्याच्या चढावर वळणाच्या आतल्या अंगाला रस्त्यापेक्षा दोन पुरुष उंच जागा मिळते. तिथे चढून बसा. मात्र आदल्या दिवशी चढून-उतरून बघा. जानेवारीत गवत वाळलेलं असतं आणि बूट त्यावरून घसरतात.

शटरचंही सांगतो. १/१००० सेकंदाला काढलेली चालती गाडी उभी केल्यासारखी दिसते, चाकाची एकूण एक तार मोजून घ्यावी. ताफा ताशी तीस-चाळीसने चाललेला असतो. १/८० च्या आसपास ठेवून गाडीबरोबर कॅमेरा फिरवलात तर चाकं फिरतात, कडेचं गवत ओघळतं आणि माणूस स्पष्ट राहतो. पाचातले चार फोटो वाया जातात, म्हणून आधी कुठल्याही रस्त्यावर जाणाऱ्या-येणाऱ्या रिक्षांवर सराव करा. इथे मेकॅनिकल शटर वापरा. इलेक्ट्रॉनिक शटरला दोन अडचणी: पॅन करताना, म्हणजे असा कॅमेरा फिरवताना, मागचे विजेचे खांब तिरपे होतात, आणि एलईडी हेडलाइटच्या लुकलुकण्याने फोटोवर पट्टे येतात. एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा दिवा इंजिनाबरोबर आपोआप लागतो, त्यामुळे निम्म्याहून अधिक ताफ्याचे दिवे भर उन्हातही चालू असणार. जुन्या बुलेटवाल्यांना मात्र सांगावं लागतं. निघताना लीडला, म्हणजे सगळ्यात पुढच्या गाडीवाल्याला, सांगा, सगळ्यांनी दिवे लावा; रांग फोटोत सलग दिसते.

लीड रायडरला आणि शेवटच्या स्वीपला तुम्ही कुठे उभे असाल ते नेमकं माहीत असू द्या. चालत्या गाडीवर मागे तोंड करून बसून फोटो काढायचे नाहीत. एका रस्त्यावरच्या मृत्यूसाठी जमलोय, दुसरा नको. तो रस्ता अरुंद आहे, पर्यटकांच्या गाड्या सेल्फीसाठी मध्येच थांबतात, वळणावरून एसटी येते. माझ्या एका राइडमध्ये रिकाम्या जागेत नेमकी पेंढा भरलेली पिकअप घुसली. लग्नात आपण बिनदिक्कत सांगतो, “नवरदेव, हार पुन्हा एकदा घाला.” इथे पुन्हा एकदा जाऊन या, असं सांगता येत नाही. फोटो गेला तो गेला. म्हणून उंचावरच्या जागेवर तुम्ही, आणि पुढच्या वळणावर मोबाइल घेऊन दुसरा कोणीतरी, अशी सोय ठेवा.

ड्रोनबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण क्लबात कोणीतरी काढेलच विषय. रत्नागिरीचा विमानतळ तटरक्षक दलाचा आहे, त्यामुळे उडवण्याआधी ‘डिजिटल स्काय’ या ड्रोनसाठीच्या सरकारी संकेतस्थळावरचा नकाशा बघावाच लागतो. माझा विरोध त्याहून साध्या कारणासाठी आहे. डोक्यावर गांधीलमाशी घोंगावत असताना शांतता कसली पाळायची?

हाराची वेळ ही सगळ्यात नाजूक. मित्राचा फोटो काचेच्या फ्रेममध्ये असणार आणि ती फ्रेम त्याच्या गाडीच्या टाकीवर किंवा सीटवर टेकवलेली असणार. माझ्या पहिल्या कामातल्या अशा अकरा फोटोंमध्ये त्या मुलाच्या चेहऱ्यावर मी स्वतःच आहे, कॅमेरा डोळ्याला लावलेला, मागे पांढरं आभाळ. घरी स्क्रीनवर मोठं करून पाहिलं तेव्हा पोटात गोळा आला. सोपा उपाय म्हणजे आदल्या दिवशीच काच काढून घ्या. तसं नको असेल तर फ्रेमच्या वरच्या कडेमागे कागदाची घडी सरकवून ती किंचित पुढे झुकवा, म्हणजे काचेत आभाळाऐवजी जमीन उतरते. पोलरायझर, म्हणजे चमक कापणारा फिल्टर, असेल तर काचेच्या पृष्ठभागाशी साधारण ३५ अंशांचा कोन करून उभे राहा, तिथे तो सगळ्यात जास्त काम करतो. टाकीच्या रंगावरची चमकही त्याने उतरते. क्रोमवरची उतरत नाही. धातूच्या परावर्तनापुढे पोलरायझरचं काही चालत नाही. क्रोमच्या मडगार्डमध्ये तुम्ही दिसणारच, तेव्हा काळा शर्ट घाला.

झेंडूचा हार आणि काळी जॅकेटं एकत्र आली की कॅमेऱ्याचा मीटर फसतो. काळं बघून तो उजेड वाढवतो, आणि उन्हातला केशरी झेंडू आधीच फुटायच्या बेतात असतो. एकदा लाल रंग फुटला की पाकळ्या जातात, राहतो नुसता केशरी गोळा. एक्स्पोजर दोन-तृतीयांश स्टॉप खाली ठेवा, रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये) काढा, जॅकेटं नंतर उजळता येतात.

वाऱ्याचं गणित डोक्यात ठेवा. सकाळी मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, दुपारच्या सुमाराला फिरतो आणि खारं वारं सुरू होतं. सकाळी कार्यक्रम असेल तर फ्रेमची पाठ डोंगराकडे ठेवा, हार आणि उदबत्तीचा धूर समुद्राकडे जाईल. उलटं ठेवलंत तर वाऱ्याने फ्रेम मागे कलंडते. बॅनर असेल तर त्याला भोकं पाडायला सांगा, नाहीतर शिडासारखा फुगतो. खरं म्हणजे बॅनर नसलेलाच बरा. त्यावर शुभेच्छुकांचेच फोटो मोठे असतात.

दोन मिनिटांची शांतता. आधी सगळ्या गाड्या बंद होतात. साठ इंजिनं थांबल्यावर तापलेल्या लोखंडाची टिकटिक ऐकू येते, मग खालून समुद्र. यात तुमच्या शटरचा आवाज बंदुकीसारखा वाजतो. फोकसची बीप आदल्या रात्रीच बंद करून ठेवा. इंजिनं बंद म्हणजे दिवेही बंद, त्यामुळे इथे मात्र बिनआवाजी इलेक्ट्रॉनिक शटर बिनधास्त वापरा, पट्ट्यांची भीती नाही. पहिल्या अर्ध्या मिनिटात एका जागी उभं राहून तीन-चार फोटो घ्या, मग कॅमेरा खाली करा. तुम्हीही त्याचे मित्र आहात ना? मग दीड मिनिट मित्र म्हणून उभे राहा.

रडताना फोटो काढावेत का? त्या दिवशी तिथे ठरवू नका, आदल्या दिवशी विचारा. घरी जा, चहा घ्या आणि सरळ बोला: “काका, उद्या फोटोंचं माझ्याकडे आहे. काही नको असेल तर सांगा.” एका घरी वडील म्हणाले होते, “काढा हो तुम्ही सगळे. पण हिचा रडतानाचा नको.” झालं. दिवसभर मला कुठे कॅमेरा रोखायचा नाही ते कळलं. बायकोला मात्र वेगळं विचारा, सासऱ्यांसमोर नको. समोर विचारलं तर ती “चालेल” म्हणेल आणि ते खरं नसेल. क्लबमधल्या मुलीकडून विचारलंत तर अधिक बरं.

चेहऱ्याला पर्याय असतो आणि माझ्या मते बहुतेक वेळा तो चेहऱ्यापेक्षा जास्त सांगतो. गुहागरकडच्या एका राइडला भावाने गेलेल्या मुलाची बुलेट चालवत आणली होती. उजव्या मुठीचं रबर अंगठ्याच्या बाजूने झिजून गुळगुळीत झालेलं, डावं जवळजवळ नवं. टाकीवरच्या बॅगेच्या पारदर्शक खिशात दाभोळ-धोपावे फेरीबोटीचं तिकीट तसंच राहिलेलं, शाई फिकी पडलेली. मी जवळून त्याचा फोटो काढत होतो तेवढ्यात वडील शेजारी येऊन वाकले. तारीख वाचली. थोडा वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, “या दिवशी मला फोनवर म्हणाला होता, ऑफिसात आहे.” आणि हसले. त्या सबंध दिवसातलं ते एकमेव हसू. मी फोटो काढला तो तिकिटाचा आणि त्यावर टेकलेल्या त्यांच्या बोटाचा. हसण्याचा नाही काढला. आज वाटतं काढायला हवा होता, पण तेव्हा हात उचलला नाही.

तेव्हा मित्राची गाडी येणार असेल तर हाराच्या आधी दहा मिनिटं तिच्याजवळ घालवा. मुठी, किल्लीची साखळी, टाकीवर गुडघ्याने घासून गेलेला रंग, स्टिकर. अपघातातलीच गाडी असेल तर मोडतोडीचे फोटो काढू नका, कोणी “आठवण म्हणून” मागितले तरी. आणि गाडी आणणाऱ्याला गाडी उभी करण्याची दिशा आधीच सांगा, हार घातल्यावर ती हलवता येत नाही.

भाट्याच्या संध्याकाळसाठी पंचांग लागेल. इथल्या खारवी मच्छीमारांचा जुना हिशोब आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी-संध्याकाळी सहाच्या सुमाराला पाणी भरलेलं. सूर्यास्ताला तुम्हाला उभं राहायला पुळण, म्हणजे किनाऱ्याची वाळू, कमीच उरेल. पौर्णिमा-अमावस्येला भरती सव्वाअकराच्या आसपास, सहा तासांनी ओहोटी, म्हणजे सूर्यास्ताला ओली चकचकीत वाळू आणि त्यात दिव्यांची प्रतिबिंबं. द्वितीया-तृतीयेपर्यंत चांगलं चालतं. अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडतो, पण अंदाजाला पुरे. यातली गंमत अशी की घरचे वर्षश्राद्ध तिथीने करतात आणि क्लब तारखेने. तिथीने जमलात तर दरवर्षी समुद्र जवळपास त्याच जागी असेल. तारखेने जमलात तर दरवर्षी नव्याने बघा.

गाड्या पुळणीवर उतरवू नका. ठिकठिकाणी त्याला मनाई आहे, ओल्या वाळूत बुलेट रुतली की सहा जण लागतात, खारं पाणी चेनचं काय करतं ते तुम्हाला मी सांगायला नको, आणि याच महिन्यांत आपल्या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. गाड्या वर रस्त्याला, माणसं दिवे घेऊन खाली. तोवर खारं वारं चालू असतं, पणत्या टिकत नाहीत. काचेच्या बरण्यांत मेणबत्त्या लावा. सूर्य बुडाल्यावर वीस मिनिटांनी आभाळ आणि मेणबत्तीचा उजेड सारखे होतात. आयएसओ ३२००, फ्लॅश बंद.

घरी आल्यावर गोड्या पाण्यात फडकं पिळून कॅमेरा पुसा आणि मगच बॅगेत ठेवा.

फोटो वाटताना क्रम पाळा: आधी घर, मग क्लब, मग बाहेर जे काही जायचं ते. बाहेर जाणाऱ्यांतून नंबरप्लेटा पुसा आणि घरच्यांचे चेहरे वगळा. अपघाताचा दावा न्यायाधिकरणात चालू असेल तर कुठलाच फोटो बाहेर टाकण्याआधी घरच्यांच्या वकिलांना विचारा. विनाहेल्मेट, हातात बाटली असले जुने फोटो ‘आठवणी’ म्हणून कोणी चढवतं आणि समोरची बाजू ते बघत असते.

घरच्यांना पेनड्राइव्ह देऊन सुटू नका. चाळीसेक फोटो आणि ते साठ चेहरे छापून द्या. नाव मागे पेनने लिहू नका, वळ पुढे उमटतात; फोटोखाली पांढरी पट्टी सोडून नाव, गाव, गाडी छापूनच घ्या. चिकटपानी अल्बम कोकणात कधीच नको. एका पावसाळ्यात फोटो त्या पानाला असे बसतात की काढताना चेहरा सोलून येतो. कोपरे खोचायचा जाड कागदाचा अल्बम घ्या आणि सांगा, भिंतीतल्या कपाटात ठेवू नका, ओल लागते.

आणि अल्बम दोन करा. मी त्या पहिल्या वेळी एकच केला आणि वडिलांच्या हातात दिला. दोन वर्षांनी त्याच्या बायकोचा फोन आला. ती माहेरी राहायला गेली होती, नोकरी तिकडेच लागली होती, आणि अल्बम सासरी मागायला तिला जड जात होतं. निगेटिव्ह असते तसं काही राहतं का तुमच्याकडे, असं तिने विचारलं.